चाळिशीत धंदा बदलणाऱ्यांस चार शब्द
(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत केलेले भाषण)



चाळिशी उलटली की आपला माणूस म्हणतो, "आता काय नवे शिकायचे? बापाने केले तेच करू." शेत पोटापुरते देत नाही, लोहाराच्या भात्याला गिऱ्हाईक नाही, कोष्ट्याच्या मागाला सूत परवडत नाही, तरी तो त्याच खुंट्याला बांधून घेतो. हा खुंटा ठोकला कोणी? ज्या जातीत जन्म त्या जातीचाच धंदा हा धर्म, असे पोथीत लिहिणाऱ्यांनी! त्यांची स्वतःची मुले मात्र भिक्षुकी सोडून केव्हाच कचेरीत, वकिलीत आणि पुढे विलायतेत गेली. पोथी राहिली ती आमच्या मानेवर.

पण सगळा दोष भटांवर टाकून आपण मोकळे होऊ नये. कोल्हापूरच्या राजवाड्यात गंगाराम कांबळे नावाचे अस्पृश्य मानलेले नोकर होते. हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. मारणारे भटजी नव्हते. तुमच्याआमच्यातलेच मराठे नोकर होते. शाहू महाराजांनी त्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना चहाचे हॉटेल काढण्यास पाठबळ दिले. महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेत आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजीत. नवा धंदा काढणाऱ्याला हिंमत लागतेच, पण गिऱ्हाईकही लागते. आज आपल्या गावात एखाद्या चांभाराने खानावळ काढली, तर तेथे जेवायला तुम्ही जाल काय? उत्तर आपापल्या मनाला द्या.

कोणी म्हणेल, धंदा बदलला तर मागची वीस वर्षे फुकट गेली. कर्मवीर भाऊराव पाटील लोखंडी नांगर विकत खेडोपाडी हिंडले होते. रयतेचे अज्ञान, तिची भाषा, तिचे दारिद्र्य त्यांनी डोळ्यांनी पाहिले. 1919 साली, बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. नांगर विकताना तुडवलेली वाटच पुढे शाळांच्या कामी आली. हातातली कला व माणसांची पारख हे भांडवल सावकाराला जप्त करता येत नाही.

उलट, वेळ आपण निवडली नाही तर वेळ आपल्याला गाठते. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पुढे हजारोंना परत कामावर घेतलेच नाही. ऐन चाळिशीतला साचेवाला एका दिवसात बिनकामाचा झाला. कित्येक घरांत बायकांनी डबे करून, पापड-मसाले विकून चूल पेटती ठेवली. म्हणून घरच्या लक्ष्मीला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. घराचा खरा हिशेब तिच्याजवळ असतो.

आता कामाच्या गोष्टी ऐका. एक, जुना धंदा एका दिवसात मोडू नका. एक पाय तेथे ठेवून दुसरा पुढे टाका. दोन, हाताला जमते त्याच्या शेजारचे काम धरा: लोहाराने वेल्डिंग, सुताराने फर्निचर, शेतकऱ्याने दूध किंवा रोपवाटिका. तीन, वर्षाचे धान्य व बियाणे बाजूला काढल्यावरच पैसा घाला. जमीन गहाण टाकून दुकान मांडू नका. चार, शिकवणारा पोरगा वयाने लहान व जातीने कोणी का असेना, त्याला मास्तर म्हणण्यात कमीपणा मानू नका. पाच, जोशाला मुहूर्त विचारू नका. बाजारात आठ दिवस उभे राहून काय खपते ते पाहा. त्याला दक्षिणा लागत नाही.

बंधूंनो, बापाचा धंदा सोडला म्हणजे बाप सोडला असे होत नाही. बाप राबला तो पोरे उपाशी मरू नयेत म्हणून. पोरांना पोटभर भाकरी आणि शाळा मिळत असेल, तर औत कोणते आणि हत्यार कोणते हा प्रश्न दुय्यम आहे. जन्माने नेमून दिलेले काम ही बेडी. अकलेने निवडलेले काम हाच खरा स्वधर्म!