आधी माणसं, मग शहर



तुम्ही समलिंगी आहात,
आणि राहायला शहर शोधताय?
मग आधी माणसं शोधा.
शहर नंतर.

अशी माणसं संस्थांमधून भेटतात.
मुंबईत १९९० साली 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगींसाठीचं नियतकालिक निघालं.
चार वर्षांनी हमसफर ट्रस्ट ही समलिंगींसाठीची संस्था उभी राहिली.
तिथं समुपदेशन मिळतं.
आरोग्याची तपासणी होते.

पुण्यात समपथिक ट्रस्टनं हे काम मराठीतून केलं.
मला हे फार मोलाचं वाटतं.
मनातलं दुखणं आपल्या भाषेत सांगता आलं,
की निम्मं हलकं होतं.

आता कायदा.
२०१८ पासून सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत.
शहरात नाहीत, गावातही नाहीत.
समलिंगी लग्नाला मात्र अजून मान्यता नाही.

आणि घरमालक?
तो गल्लीगणिक वेगळा.
म्हणून तिथं राहणाऱ्या ओळखीच्या माणसाला आधी विचारा.
भाडेकरार दोघांच्या नावानं होतो का?
शेजारी नाक खुपसतात का?

पुन्हा सांगते.
आधी माणसं, मग शहर.

जमलं तर आठ दिवस राहून बघा.
संध्याकाळी जोडीदाराबरोबर मंडईत जा.
निवांत भाजी घ्या.
मन किती मोकळं राहतं,
ते तुमचं तुम्हालाच कळेल.