संगणक नवा, पत्रव्यवहार जुना

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीचा नियमित आधार संपवला आणि ‘विंडोज ११’साठी आवश्यक असलेली सुरक्षा-चिप ज्यांत नाही, असे कितीतरी धडधाकट संगणकही बदलण्याची वेळ घरोघरी आणि लहानमोठ्या कार्यालयांत आली. अशा वेळी छायाचित्रे, हिशेबाच्या फाइली आणि टंकलिखित मजकूर आठवणीने पेन ड्राइव्हवर घेतले जातात, कारण ते डोळ्यांसमोरच्या फोल्डरमध्ये असतात. ईमेल आणि पत्त्यांची वही, म्हणजे अ‍ॅड्रेस बुक, मात्र अनेकदा मागे राहते, कारण ती नेमकी कुठे साठवली जाते हे वापरणाऱ्याने कधी पाहिलेलेच नसते. गृहनिर्माण संस्थेचा पत्रव्यवहार, विम्याच्या पावत्या, पक्षकारांशी झालेली लेखी बोलणी किंवा परदेशी असलेल्या मुलांची पत्रे यांतले काय हरवले, हे पुष्कळदा सहा महिन्यांनी, जुना संगणक भंगारात गेल्यावर कळते. हे टाळण्याचा नियम एकच आहे : जुन्या संगणकाला हात लावण्यापूर्वी प्रत्येक गोष्टीची मूळ प्रत कुठे आहे हे निश्चित करावे आणि ती नव्या संगणकावर उघडून पाहिल्याशिवाय जुनी पुसू नये.

ईमेल म्हणून ज्याला एकत्रितपणे ओळखले जाते, त्यात प्रत्यक्षात तीन वेगळ्या वस्तू असतात. पहिली म्हणजे खात्याची जोडणी, अर्थात पत्ता, पासवर्ड आणि सर्व्हरचे नाव; दुसरी म्हणजे आलेली व पाठवलेली पत्रे; आणि तिसरी म्हणजे पत्त्यांची वही. या तिन्ही गोष्टी संगणकावर वेगवेगळ्या ठिकाणी राहू शकतात, त्यामुळे नव्या संगणकावर खाते जोडले की पत्रे आपोआप येतील, किंवा पत्रे आली म्हणजे पत्तेही आले असतील, हे गृहीत धरता येत नाही.

पत्रांची मूळ प्रत कुठे आहे हे ठरवणाऱ्या दोन पद्धती आहेत. १९८४ साली पहिल्यांदा मांडली गेलेली ‘पॉप’ ही पद्धत टपाल कार्यालयाच्या पेटीतून पत्रे घरी आणण्यासारखी आहे. पत्रे सर्व्हरवरून संगणकावर उतरतात आणि सूचना तशी असल्यास सर्व्हरवरून काढून टाकली जातात. १९८६ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी रचलेल्या ‘आयमॅप’ या पद्धतीत मात्र मूळ पत्र सर्व्हरवरच राहते आणि संगणक व मोबाइल त्याच्या प्रती दाखवतात. आपली पद्धत कोणती हे ईमेलच्या प्रोग्रामातील खात्याच्या सेटिंगमध्ये पाहता येते. तेथे ९९३ किंवा १४३ हा पोर्ट क्रमांक असेल तर आयमॅप, आणि ९९५ किंवा ११० असेल तर पॉप समजावे. याहून सोपी कसोटी अशी की, दुसऱ्याच एखाद्या संगणकाच्या ब्राउझरमधून खाते उघडावे आणि चार-पाच वर्षांपूर्वीचे पत्र तेथे दिसते का ते पाहावे.

ही कसोटी घेताना फक्त अलीकडची पत्रे पाहून समाधान मानू नये. आउटलुकच्या अनेक आवृत्त्यांत पॉप खात्यासाठी ‘सर्व्हरवर प्रत ठेवावी आणि १४ दिवसांनी काढावी’ असा मूळ पर्याय असतो, त्यामुळे गेल्या पंधरवड्यातील पत्रे ब्राउझरमध्ये व्यवस्थित दिसतात आणि त्याआधीची सगळी केवळ जुन्या संगणकाच्या डिस्कवर असतात. आयमॅप वापरणाऱ्यांनीही एक गोष्ट तपासावी : जागा वाचवण्यासाठी काही पत्रे ‘लोकल फोल्डर्स’ किंवा ‘आर्काइव्ह’ अशा नावाच्या, फक्त त्या संगणकावर असलेल्या फोल्डरांत हलवलेली असतील, तर ती सर्व्हरवर नसतात आणि नव्या संगणकावर आपणहून येणार नाहीत.

मूळ प्रत डिस्कवर आहे असे दिसल्यास पुढचा प्रश्न ती कोणत्या फाइलमध्ये आहे हा असतो. येथील नावे कागदावर टिपून घ्यावीत. जुन्या धाटणीच्या, म्हणजे ‘क्लासिक’, आउटलुकमध्ये पॉप खात्याची पत्रे, दिनदर्शिका आणि पत्ते हे सर्व ‘पीएसटी’ या अक्षरांनी संपणाऱ्या एकाच फाइलमध्ये असते. ‘आउटलुक २०१०’पासून नव्याने तयार झालेली ही फाइल ‘डॉक्युमेंट्स’मधील ‘आउटलुक फाइल्स’ या फोल्डरमध्ये सापडते, त्याआधीच्या आवृत्त्यांत ती लपवलेल्या फोल्डरमध्ये असते आणि खात्याच्या सेटिंगमधील ‘डेटा फाइल्स’ या भागात तिचा पूर्ण मार्ग वाचता येतो. तिच्याशेजारी ‘ओएसटी’ अशी फाइल दिसल्यास ती सर्व्हरवरील पत्रांची तात्पुरती प्रत असते. दुसऱ्या संगणकावर ती तशीच उघडत नाही, म्हणून ती कॉपी करून काम झाले असे मानणे धोक्याचे आहे. पीएसटी फाइल कॉपी करताना आउटलुक पूर्ण बंद असावे, आणि नव्या संगणकावर ती शक्यतो क्लासिक आउटलुकमध्येच उघडावी, कारण विंडोजबरोबर येणारे नवे आउटलुक हा निराळा प्रोग्राम आहे.

मोफत मिळणाऱ्या थंडरबर्ड या प्रोग्रामात पत्रे, पत्ते, पासवर्ड आणि सेटिंग हे सर्व ‘प्रोफाइल’ नावाच्या एकाच फोल्डरमध्ये असते. ‘हेल्प’ मेनूमधील ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ या पानावरून तो फोल्डर थेट उघडता येतो. प्रोग्राम बंद करून तो संपूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घेतला आणि नव्या संगणकावर थंडरबर्डच्याच आयात सुविधेने आत आणला की, खाती पुन्हा जोडण्याचे श्रमही वाचतात. ‘विंडोज एक्सपी’च्या काळातील आउटलुक एक्सप्रेस वापरणाऱ्यांची अडचण मोठी आहे, कारण त्यातील प्रत्येक फोल्डरची पत्रे ‘डीबीएक्स’ आणि पत्ते ‘डब्ल्यूएबी’ या प्रकारच्या फाइलींमध्ये असतात आणि आजचे प्रोग्राम त्या सहसा वाचत नाहीत. जुना संगणक चालू असेल तर आउटलुक एक्सप्रेसमधील पत्रे माउसने ओढून एखाद्या साध्या फोल्डरमध्ये सोडावीत. प्रत्येक पत्राची ‘ईएमएल’ प्रकारची स्वतंत्र फाइल तयार होते आणि ती फाइल आजही वाचता येते.

दोन्ही संगणकांवरील प्रोग्राम वेगळे असतील आणि एकाची फाइल दुसऱ्याला समजत नसेल, तर आयमॅपचाच पुलासारखा उपयोग करता येतो. जुन्या संगणकावरील प्रोग्रामात एक आयमॅप खाते जोडावे, त्यात ‘जुनी पत्रे’ असा फोल्डर तयार करावा आणि डिस्कवरील पत्रे थोडीथोडी करून त्यात कॉपी करावीत. ती सर्व्हरवर चढतात आणि नव्या संगणकावर तेच खाते जोडल्यावर तारखा व अटॅचमेंटसह खाली उतरतात. मात्र त्याआधी सर्व्हरवरील जागा पाहावी लागते, कारण उदाहरणार्थ जीमेलच्या मोफत खात्यातील १५ जीबी जागा छायाचित्रे आणि ड्राइव्हमधील फाइली यांच्यातही वाटली जाते. पत्रे ‘हलवावीत’ की ‘कॉपी करावीत’ असा पर्याय आल्यास नेहमी कॉपीच निवडावी, म्हणजे मध्येच इंटरनेट तुटले तरी मूळ प्रत जागेवर राहते.

पत्त्यांच्या वहीबाबत सर्वांत मोठा गैरसमज सूचक यादीमुळे होतो. पत्र लिहिताना नावाचे पहिले अक्षर टाइप करताच जी नावे खाली उमटतात, ती पुष्कळदा पत्त्यांच्या वहीतून येत नाहीत, तर पूर्वी ज्यांना पत्रे पाठवली त्यांची प्रोग्रामाने परस्पर ठेवलेली आठवण असते. नव्या संगणकावर ती आठवण कोरी असते आणि ज्यांचे पत्ते वहीत कधी नोंदवलेच नव्हते, ती माणसे एकदम गायब झाल्यासारखी वाटतात. यासाठी संगणक बदलण्यापूर्वी ‘पाठवलेली पत्रे’ हा फोल्डर उघडून महत्त्वाच्या व्यक्तींचे पत्ते वहीत नोंदवून घ्यावेत. थंडरबर्डमध्ये असे पत्ते ‘कलेक्टेड अ‍ॅड्रेसेस’ या वेगळ्या वहीत जमतात, म्हणून एक्सपोर्ट करताना तीही वही निवडावी.

पत्ते बाहेर काढण्याचे दोन प्रचलित साचे आहेत. ‘सीएसव्ही’ हा साचा म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या रकान्यांचा साधा तक्ता. ‘व्हीकार्ड’ हा साचा, ज्याची फाइल ‘व्हीसीएफ’ या अक्षरांनी संपते, तो प्रत्येक व्यक्तीचे नाव, दूरध्वनी आणि पत्ता यांचे स्वतंत्र कार्ड ठेवतो. मोबाइल आणि गुगल कॉन्टॅक्ट्स यांच्यासाठी व्हीकार्ड सोयीचे असते. क्लासिक आउटलुक मात्र अनेक व्यक्तींच्या एकत्र व्हीकार्ड फाइलमधून फक्त पहिलीच व्यक्ती आत घेते, त्यामुळे तेथे सीएसव्ही वापरावा लागतो.

सीएसव्ही वापरताना मराठी वापरकर्त्यांनी दोन जागी विशेष जपावे. देवनागरी अक्षरे साठवण्यासाठी ‘यूटीएफ-८’ ही संकेतपद्धती लागते, तिच्यात देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेते; जुन्या प्रोग्रामाने फाइल यूटीएफ-८ ऐवजी जुन्या संकेतपद्धतीत लिहिली, तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उरते आणि ती नावे त्या फाइलमधून पुन्हा मिळत नाहीत. नावांऐवजी विचित्र रोमन चिन्हे दिसत असतील, तर मात्र मजकूर बहुधा शाबूत असतो, केवळ चुकीच्या संकेतपद्धतीने उघडलेला असतो. दुसरी जागा दूरध्वनी क्रमांकांची. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये सरळ उघडल्यास पुण्याच्या ०२० या कोडमधील पहिले शून्य गळते, देशाच्या कोडआधीचे अधिकचिन्ह निघून जाते आणि बारा अंकी क्रमांक घातांकाच्या रूपात आखडतो. ती फाइल त्याच रूपात जतन केली की शेवटचे अंक कायमचे जातात. म्हणून एक्सपोर्ट केलेली फाइल एक्सेलमध्ये न उघडता सरळ नव्या वहीत इम्पोर्ट करावी, आणि तपासायचीच असेल तर साध्या नोटपॅडमध्ये पाहावी.

जोडणीच्या बाजूने पासवर्ड हा अडथळा येतो. जुना प्रोग्राम वर्षानुवर्षे पासवर्ड लक्षात ठेवत आल्यामुळे तो वापरणाऱ्याला आठवत नाही. म्हणून जुना संगणक चालू असतानाच ब्राउझरमधून खाते उघडून, त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक अजून स्वतःच्याच वापरात आहे याची खात्री करावी. गुगलने २०२२ पासून केवळ नाव आणि पासवर्ड देऊन बाहेरच्या प्रोग्रामांना वैयक्तिक खात्यात शिरू देणे बंद केले आहे. ज्या प्रोग्रामात गुगलचे स्वतःचे साइन-इन पान उघडत नाही, त्याच्यासाठी द्विस्तरीय पडताळणी सुरू करून सोळा अक्षरांचा ‘अ‍ॅप पासवर्ड’ घ्यावा लागतो.

जुना संगणक सुरूच होत नसेल, तरी पत्रे गेली असे मानण्याचे कारण नाही. बिघाड पुष्कळदा मदरबोर्डमध्ये किंवा वीजपुरवठ्यात असतो आणि डिस्क चांगली असते; ती काढून यूएसबी जोडणीच्या अ‍ॅडॉप्टरने नव्या संगणकाला लावली की तिच्यातील फोल्डर दिसू लागतात. डिस्क ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद असेल, तर ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली लागते आणि ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. डिस्कमधूनच खडखड आवाज येत असेल, तर ती वारंवार सुरू करून पाहू नये आणि जाणकाराकडे द्यावी.

पत्रे आणि पत्ते नव्या संगणकावर आले की पडताळणी करावी. प्रत्येक फोल्डरमधील पत्रांची संख्या जुन्याशी ताडून पाहावी, सर्वांत जुने पत्र उघडावे, एखादे मोठे अटॅचमेंट खरोखर उघडते का ते पाहावे, पाठवलेल्या पत्रांचा फोल्डर रिकामा नाही ना हे तपासावे आणि पत्त्यांच्या वहीतील दोन-चार मराठी नावे व क्रमांक वाचून पाहावेत. त्यानंतर एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवावी आणि किमान महिनाभर जुना संगणक किंवा त्याची डिस्क कोणाला देऊ नये, कारण महिन्याचे बिल, तिमाहीचा हिशेब किंवा संस्थेची सभा अशा प्रसंगी कोणती वस्तू राहून गेली हे उमगते. ज्यांच्या पत्रांची एकुलती प्रत पॉप पद्धतीमुळे एका डिस्कवर होती, त्यांनी नव्या संगणकावर खाते जोडताना आयमॅपच निवडावे; तसे केल्यास यापुढे संगणक बदलला, बिघडला किंवा चोरीला गेला तरी पत्रव्यवहार त्याच्याबरोबर जाणार नाही, आणि वर्षातून एकदा पत्त्यांची वही एक्सपोर्ट करून ठेवण्याइतकेच काम शिल्लक राहील.