हृदयवैद्य आणि त्यांची सायकल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून एखाद्या संतकवीविषयी, नाटककाराविषयी अथवा गडकोटांविषयी बोलले जावे, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. आम्ही मात्र एका अमेरिकन वैद्याचे चरित्र निवडले आहे. त्याचे कारण प्रारंभीच सांगितलेले बरे. स्मरणिकेच्या कामासाठी मंडळाच्या इतिवृत्तांच्या वह्या आम्ही अलीकडेच चाळल्या. त्यांत गणेशोत्सव आहेत, नाट्यप्रयोग आहेत, कोजागरी आहे. आणि मधून मधून शोकप्रस्तावही आहेत. सेवानिवृत्तीची तारीखही ज्यांना पाहता आली नाही अशा सभासदांचे ते प्रस्ताव, आणि त्यांत ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने’ हे शब्द वारंवार येतात. मुलुखापासून दूर राहणाऱ्या कुटुंबावर असा आघात झाला म्हणजे काय होते, हे राजधानीतील मराठी माणसास सांगावयास नको. सरकारी निवासस्थान सोडावे लागते, मुलांच्या शाळा सुटतात, आणि आधाराला धावून येणारे आप्त दीड दिवसाच्या प्रवासाच्या अंतरावर असतात.

आम्ही वैद्य नव्हे. कला शाखेचे पदवीधर आणि केंद्र सरकारचे नोकर, एवढीच आमची पात्रता. तेव्हा औषध सांगण्याचा अधिकार आमचा नाही. परंतु एका थोर वैद्याची ओळख करून देण्यास हरकत नसावी. त्यांचे नाव डॉ. पॉल डडली व्हाइट.

डॉ. व्हाइट यांचा जन्म ६ जून १८८६ रोजी बोस्टन शहराच्या रॉक्सबरी भागात झाला. वडील तेथील कुटुंबवैद्य. त्यांच्या घोडागाडीतून रुग्णांच्या घरी जाता जाता मुलाला वैद्यकाची गोडी लागली. हार्वर्ड विद्यापीठातून १९११ साली त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली आणि १९१३ मध्ये ते लंडनला सर टॉमस लुईस यांच्या हाताखाली शिकावयास गेले. हृदयाचे स्पंदन कागदावर रेखाटणारे विद्युतयंत्र त्या काळी नवलाईचे होते. ते तंत्र आत्मसात करून ते बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात परतले. हृदयरोग ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा होऊ शकते, हे तेव्हा बहुतेकांना पटलेले नव्हते. त्यांची एक बहीण संधिवाताच्या तापातून उद्भवणाऱ्या हृदयविकाराने दगावली होती. त्या दुःखाचाही या निवडीत वाटा असावा.

पुढील कर्तृत्व संक्षेपाने सांगतो. १९२४ साली अमेरिकन हार्ट असोसिएशन स्थापन करणाऱ्या मोजक्या वैद्यांत ते होते. तरुण, निरोगी माणसाचे हृदय मध्येच एकाएकी धावू लागते, अशा एका विकाराचे वर्णन त्यांनी १९३० साली वुल्फ आणि पार्किन्सन या दोघांसह केले; आजही तो विकार या तिघांच्या नावाने ओळखला जातो. १९३१ साली त्यांचा ‘हार्ट डिसीज’ हा ग्रंथ निघाला आणि वैद्यांच्या अनेक पिढ्यांनी तो अभ्यासला. देवमाशाच्या अजस्र हृदयाची गती मोजण्यासाठी हा गृहस्थ अलास्का व मेक्सिकोच्या किनाऱ्यावरही जाऊन आला! १९७१ साली त्यांनी ‘माय लाइफ अँड मेडिसिन’ हे आत्मचरित्र लिहिले आणि त्याच वर्षी, वयाच्या ८५ व्या वर्षी, चीनला निमंत्रित झालेल्या पहिल्या अमेरिकन वैद्यांच्या तुकडीतून प्रवासही केला.

परंतु आम्हांस त्यांची थोरवी वाटते ती निराळ्याच गोष्टीत. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णास त्या काळी पाच-सहा आठवडे बिछान्यावर उताणे निजवून ठेवीत. कित्येकांना स्वतःच्या हाताने घास घेण्याचीही मुभा नसे. यास शास्त्रीय आधारही होता, आणि तो पुरविण्यात स्वतः डॉ. व्हाइट यांचा हात होता. १९३९ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर मृत रुग्णांची हृदये तपासून असे दाखविले, की हृदयाच्या स्नायूवरील लहान व्रण भरून येण्यास सुमारे पाच आठवडे आणि मोठा व्रण भरण्यास दोन महिने लागतात. व्रण भरेपर्यंत हलू नये, हे तर्काला धरूनच होते. मात्र सक्तीच्या निजण्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होत, त्या फुप्फुसात जाऊन प्राण घेत, स्नायू गळून जात आणि मन खचून जाई. १९५२ साली बोस्टनमधीलच लेव्हाइन आणि लाऊन या वैद्यांनी अशा रुग्णांना लवकरच खुर्चीत बसविण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला आणि विचारांचे वारे पालटू लागले. झटका आला म्हणजे माणूस कायमचा निकामी झाला, ही समजूत खोडून काढण्याचे कार्य डॉ. व्हाइट यांनी आपले मानले.

त्यांच्या या मताची कसोटी सर्व जगासमोर लागावयाची होती. २४ सप्टेंबर १९५५ रोजी डेन्व्हर येथे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला. प्रथम अपचन म्हणून सांगितले गेले. सत्य बाहेर येताच, २६ तारखेस, न्यूयॉर्कचा शेअरबाजार गडगडला. डॉ. व्हाइट यांना पाचारण करण्यात आले. त्यांनी पत्रकारांपुढे हृदय म्हणजे काय, रक्तवाहिनी कशी बंद पडते, व्रण कसा भरतो, हे एखाद्या शाळामास्तराप्रमाणे समजावून सांगितले. राष्ट्राध्यक्षांना शौचास साफ झाले, हेही त्यांनी सांगून टाकले! पुष्कळांना ते शिष्टसंमत वाटले नाही. वैद्याच्या दृष्टीने मात्र ते प्रकृतीचे महत्त्वाचे लक्षण होते, आणि जे वैद्यास महत्त्वाचे ते जनतेस कळावे, अशी त्यांची धारणा होती. ज्या रोगाचे नाव घरोघरी कुजबुजत घेतले जाई, त्याविषयी लोक त्यानंतर उघडपणे बोलू लागले.

११ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष रुग्णालयातून बाहेर पडले. पुढील फेब्रुवारीत डॉ. व्हाइट यांनी जाहीर केले, की त्यांनी आणखी पाच ते दहा वर्षे कार्यरत राहण्यास वैद्यकीय आडकाठी दिसत नाही. आयझेनहॉवर १९५६ ची निवडणूक जिंकले, त्यांनी दुसरी कारकीर्द पुरी केली आणि १९६९ पर्यंत ते हयात होते. कार्यालयात परतण्यास भिणाऱ्या असंख्य सामान्य रुग्णांना याने केवढा धीर दिला असेल!

आता सायकलीविषयी. चालावे, जिने चढावे, सायकल चालवावी, हा डॉ. व्हाइट यांचा उपदेश होता. आणि तो त्यांनी प्रथम स्वतःवर लागू केला. सत्तरी उलटल्यावरही सायकलीवर बसलेले त्यांचे छायाचित्र वृत्तपत्रांत झळके. ज्या देशात मोटार हेच प्रतिष्ठेचे लक्षण, तेथे जगद्विख्यात वैद्याने पायडल मारीत हिंडणे हे एक प्रवचनच होते. शहरांनी सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग राखावेत, असा त्यांनी आग्रह धरला. ३१ ऑक्टोबर १९७३ रोजी ते निवर्तले. आज बोस्टनमधील चार्ल्स नदीच्या काठच्या सायकलमार्गास त्यांचे नाव आहे. वैद्याचे याहून उचित स्मारक आम्हांस सुचत नाही.

कोणी म्हणेल, हा एका उत्साही म्हाताऱ्याचा छंद झाला. तसे नाही. १९५३ साली डॉ. जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिना चढ-उतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी आढळला. मुंबईच्या बेस्टच्या दुमजली बसमधील वाहक आठवा, म्हणजे मुद्दा ध्यानी येईल. त्याच अभ्यासात टपाल वाटणारे पोस्टमन आणि सरकारी कचेरीतील बैठे नोकर यांचीही तुलना होती. फासे कोणाच्या विरुद्ध पडले, हे या सभागृहातील फायलीवाल्यांना सांगणे न लगे!

या कथेचा आपल्या राजधानीशीही संबंध आहे. भारतातील पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ डॉ. शिवरामकृष्ण पद्मावती यांनी हार्वर्ड येथे डॉ. व्हाइट यांच्याकडे शिक्षण घेतले आणि मग दिल्ली ही आपली कर्मभूमी केली. १९६६ साली हृदयरोगतज्ज्ञांची पाचवी जागतिक परिषद येथे भरली, ती त्यांच्याच पुढाकाराने. २०२० साली वयाच्या १०३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या नव्वदी ओलांडल्यावरही रुग्ण तपासत असत. गुरूचा दमसास शिष्येत उतरला, असे म्हणावयास हवे.

डॉ. व्हाइट यांची परंपरा आपल्या मुलुखातही चालू आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडणारी, सुमारे ४८०० किलोमीटरची सायकल शर्यत जोडीने नऊ दिवसांच्या आत पुरी केली. २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पार केली. तिघेही वैद्यकक्षेत्रातले. आपल्यापैकी कोणी अमेरिका ओलांडावी, असे आमचे म्हणणे नाही. क्वार्टरपासून मंडळाच्या वास्तूपर्यंतचे अंतर ओलांडले तरी पुष्कळ झाले.

भगिनींनो आणि बंधूंनो, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार दक्षिण आशियातील लोकांत पहिला झटका येण्याचे सरासरी वय ५३ वर्षे आढळले. अन्य देशांत ते सुमारे ५९. ही सहा वर्षे म्हणजे मुलीचे शिक्षण, मुलाची पहिली नोकरी, गावी बांधावयाचे घर. ती केवळ दैवाच्या हवाली करणे शहाणपणाचे नव्हे. यात भगिनींचाही तितकाच वाटा आहे. हृदयविकार हा केवळ पुरुषांचा रोग नव्हे.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाने दोन गोष्टी कराव्यात, अशी आमची सूचना आहे. चाळिशी ओलांडलेल्या सभासदांची रक्तदाब व मधुमेहाची तपासणी वर्षातून एकदा व्हावी, आणि दर रविवारी सकाळी सायकलफेरी व पदयात्रा निघावी. ज्यांस पूर्वीचा काही विकार आहे त्यांनी आपल्या वैद्यास विचारूनच सामील व्हावे. हिवाळ्यात हवा धुराने कोंदलेली असेल त्या दिवशी फेरी रद्द करावी आणि घरातच हातपाय हलवावेत. पहिली फेरी येत्या रविवारी सकाळी सहा वाजता मंडळाच्या दारातून निघेल. सायकल नसल्यास चालत यावे. मोटारीतून मात्र येऊ नये, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.