चोख हिशेब

(न्यूझीलंड देशातील ऑकलंड शहरात ओटाहुहु नावाचा भाग आहे. तेथे एक मराठी ताई सनदी लेखापाल म्हणून काम करतात. सुटीत त्या सांगली जिल्ह्यातील आपल्या गावी आल्या, तेव्हा त्यांना गावच्या शाळेत बोलावले होते. कॉलेज संपल्यावर आपण नोकरी कशी शोधली आणि त्या नोकरीने आपल्याला काय शिकवले, हे त्यांनी या भाषणात सांगितले आहे.)



'ताई, तुम्ही तिकडे काय काम करता?' असे तुमच्यापैकी कितीतरी जणांनी मला विचारले. मी लोकांचे हिशेब लिहिते आणि तपासते. यावर तुम्ही म्हणाल, 'लोकांना स्वतःचे हिशेब करता येत नाहीत का?' प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचे उत्तर देण्याआधी मी जिथे राहते, ते ठिकाण तुम्हांला दाखवते.

पृथ्वीच्या गोलावर भारत शोधा. तिथून बोट खाली आणि उजवीकडे न्या. ऑस्ट्रेलिया ओलांडली, की समुद्रात दोन लांबट बेटे दिसतील. तो न्यूझीलंड देश. तुमची शाळा सकाळी अकरा वाजता भरते, तेव्हा तिकडे संध्याकाळ झालेली असते. इकडे दिवाळीत थंडी सुरू होते, तेव्हा तिकडे उन्हाळा येऊ लागतो.

वरच्या बेटावर ऑकलंड हे मोठे शहर आहे. त्याच्या दक्षिणेला आमचे ओटाहुहु. हे नाव मूळच्या माओरी लोकांच्या भाषेतले आहे. ताहुहु हे त्यांचे एक पूर्वज. ओटाहुहु म्हणजे ताहुहुंचे ठिकाण. येथे जमीन फार अरुंद आहे. एका बाजूला तामाकी खाडी आणि दुसऱ्या बाजूला मानुकाऊ बंदर. मध्ये कोरडी जमीन आहे ती केवळ सव्वा किलोमीटरच्या आसपास. पूर्वी माओरी लोक आपल्या होड्या पाण्यातून बाहेर काढत आणि या जमिनीवरून ओढत पलीकडच्या पाण्यात नेत. त्या वाटेला ते 'ते तो वाका' म्हणत, म्हणजे होड्या ओढण्याची जागा. पाण्यावर होडी सहज तरंगते. जमिनीवर मात्र ती तसूभरही आपोआप सरकत नाही. तिला अनेक हात लावावे लागतात. हे लक्षात ठेवा, मुलांनो. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

आता माझ्या घराविषयी सांगते. माझे बाबा सांगलीत हळदीच्या एका पेढीवर दिवाणजी होते. रोजचा जमाखर्च ते आधी कीर्दीत लिहीत आणि मग ज्याचा त्याचा हिशेब खतावणीत उतरवत. त्यांची वही लाल कापडाच्या बांधणीची होती. मी लहानपणी त्यांच्या शेजारी बसून पाहत असे. ते मला सांगत, "वहीत खाडाखोड करायची नाही. आकडा बदलायचा असेल, तर जुन्या आकड्यावर एकच बारीक रेघ मारायची आणि शेजारी खरा आकडा लिहायचा. खाली काय होते, तेही वाचता आले पाहिजे." त्या वयात मला याचे महत्त्व कळले नव्हते.

मी आठवीत असताना आम्ही न्यूझीलंडला गेलो. बाबांना तिकडे गोदामात काम मिळाले. शाळा संपल्यावर मी ऑकलंड विद्यापीठात वाणिज्य शाखेत गेले. तीन वर्षांनी पदवी मिळाली. आईने शेजाऱ्यांना शिरा वाटला. आता नोकरी मिळालीच, असे सगळ्यांना वाटले.

पण तसे झाले नाही.

शहरातील मोठमोठी कार्यालये पदवी मिळण्याच्या सुमारे वर्षभर आधीच विद्यार्थी निवडून ठेवतात. त्या निवडीत माझे नाव नव्हते. लहान कार्यालये गरज पडेल तेव्हाच माणूस घेतात. मी चाळीस ठिकाणी अर्ज पाठवले. बऱ्याच ठिकाणांहून उत्तरच आले नाही. ज्यांनी उत्तर दिले, त्यांनी लिहिले, 'आम्हांला अनुभव असलेला माणूस हवा आहे.' आता तुम्हीच सांगा, अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही! हे कोडे सोडवायचे कसे?

माझी होडी जमिनीवर येऊन थांबली होती. कॉलेजचे पाणी मागे राहिले होते आणि नोकरीचे पाणी पुढे दिसत होते. मग हात लावणारे एकेक जण पुढे आले. कॉलेजातल्या बाईंनी माझा अर्ज तपासून दिला. शेजारच्या सामोअन आजींनी कोणकोणत्या कार्यालयांत जाऊन भेटावे, ते सांगितले. मी सकाळी एका भाजीच्या दुकानात काम करू लागले. आमच्या ओळखीच्या मराठी कुटुंबांनी मिळून गणपती बसवायचे ठरवले, तेव्हा त्यांनी वर्गणीचा हिशेब माझ्याकडे सोपवला.

तो हिशेब मी मन लावून लिहिला. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. वर्गणी कोणी किती दिली, सभागृहाचे भाडे किती, नारळ किती, प्रसादाचा रवा-साखर किती, सारे तारीखवार मांडले. प्रत्येक पावतीला क्रमांक दिला आणि ती वहीला चिकटवली. फुले आम्ही ओटारा येथील शनिवारच्या बाजारातून आणली होती. फुलवाल्याने पावती दिली नव्हती. म्हणून मी त्या ओळीपुढे लिहिले, 'फुले, बारा डॉलर. पावती नाही.' शेवटी शिल्लक राहिली सात डॉलर चाळीस सेंट. तीही मी लिहिली.

ओटाहुहुतून ग्रेट साऊथ रोड हा मोठा रस्ता जातो. त्याच्या दोन्ही बाजूंना दुकाने आहेत. त्यांतल्या एका दुकानाच्या माडीवर एका वयस्कर लेखापालांचे छोटे कार्यालय होते. एके दिवशी मी जिना चढून वर गेले. त्यांनी माझी पदवी पाहिली आणि विचारले, "तू आजवर कोणाचे हिशेब लिहिले आहेस?"

मी पिशवीतून गणपतीची वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिली. 'पावती नाही' या शब्दांवर बोट ठेवून ते म्हणाले, "हे का लिहिलेस? रकमेच्या जोरावर दुसरी कुठलीही पावती लावता आली असती. कोणाला कळलेही नसते."

मी म्हणाले, "पावती नव्हती, म्हणून नाही असे लिहिले."

त्यांनी वही मिटली. म्हणाले, "सोमवारपासून ये. तीन महिने काम पाहतो."

मुलांनो, त्या दिवशी मला बाबांचे बोलणे समजले. खालचा आकडा वाचता येईल अशी बारीक रेघ का मारायची, तेही कळले. वही वाचणाऱ्यापासून काहीही लपवायचे नसते.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. लोकांना हिशेबासाठी दुसरा माणूस का लागतो? एक उदाहरण घेऊ. न्यूझीलंडमध्ये १ ऑक्टोबर १९८६ पासून वस्तू आणि सेवा कर आहे. आपल्याकडे असा कर १ जुलै २०१७ रोजी सुरू झाला. तिकडे २०१० पासून या कराचा दर शेकडा पंधरा आहे. समजा, एका बेकरीवाल्याने साठ डॉलरचे पीठ आणि लोणी घेतले. त्यावर त्याने नऊ डॉलर कर भरला. त्याने पाव आणि केक करून शंभर डॉलरला विकले. गिऱ्हाइकांकडून पंधरा डॉलर कर घेतला. म्हणजे गल्ल्यात एकशे पंधरा डॉलर आले. ते सगळे त्याचे का? नाही. पंधरातून त्याने आधी भरलेले नऊ वजा करा. उरलेले सहा डॉलर सरकारचे. त्यातूनच रस्ते, शाळा, दवाखाने चालतात.

बेकरीवाला पहाटे तीनला उठतो. भट्टी पेटवायची की असे हिशेब मांडायचे? शिवाय पावत्या सात वर्षे जपून ठेवाव्या लागतात. म्हणून तो आमच्याकडे येतो. कधी कधी तर बुटांच्या खोक्यात वर्षभराच्या पावत्या कोंबून आणतो! माझे पहिले काम तेच होते. खोके रिकामे करायचे, पावत्या तारखेप्रमाणे लावायच्या, आकडे मांडायचे आणि ताळा जमतो का ते पाहायचे. आपल्यासारखेच तिकडेही बहुतेकांचे हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते. त्यानंतर आमच्याकडे अशा खोक्यांची रास लागते.

पण खरी कसोटी पुढेच होती. एक दुकानदार आमच्याकडे आले. त्यांनी मला हळूच सांगितले, "रोख विक्रीतला थोडा भाग वहीत लिहू नकोस. कर कमी भरावा लागेल." मी नवीन होते. ते कार्यालयाचे जुने गिऱ्हाईक होते. 'नाही' म्हटले तर ते जातील आणि कदाचित माझी नोकरीही जाईल, अशी मला भीती वाटली. रात्री झोप लागली नाही. सकाळी मी आमच्या साहेबांना सारे सांगितले आणि म्हणाले, "मला असे लिहिता येणार नाही."

साहेब म्हणाले, "तो गेला तर एक गिऱ्हाईक जाईल. आपण खोटे लिहिले तर आपल्या सहीला किंमत उरणार नाही." त्यांनी दुकानदारांना तसे स्पष्ट सांगितले. दुकानदार आपले कागद घेऊन गेले, ते परत आले नाहीत. त्या महिन्यात कार्यालयाची कमाई घटली. पण माझी नोकरी राहिली.

त्याच वर्षी खोकेवाल्या बेकरीवाल्याला दुसरी भट्टी घ्यायची होती. तो बँकेत कर्ज मागायला गेला. बँकेने त्याच्या तीन वर्षांच्या वह्या मागितल्या. वह्या नीट होत्या. बँकेच्या माणसाने बेकरीवाल्याला पूर्वी कधी पाहिले नव्हते. तरी त्याने त्या वह्यांवर विश्वास ठेवला आणि कर्ज दिले. पाहिलेत ना? पैसे आम्हांला गिऱ्हाईक देते; पण आम्ही लिहिलेल्या आकड्यांवर बँक, सरकार आणि सारी जनता विसंबून असते. म्हणून हे काम जनतेचे आहे.

पुढे मी तीन वर्षे जाणत्या लेखापालांच्या हाताखाली काम केले, नोकरी सांभाळून परीक्षा दिल्या आणि सनदी लेखापाल झाले. ही सनद तिकडे न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया या दोन्ही देशांची मिळून असलेली संस्था देते. आपल्या देशात हे काम भारतीय सनदी लेखापाल संस्था करते. तिची स्थापना १ जुलै १९४९ रोजी झाली. इथेही परीक्षांबरोबर अनुभवी लेखापालाकडे उमेदवारी करावीच लागते. पोहणे जसे काठावर बसून येत नाही, तसेच हे काम नुसते पुस्तक वाचून येत नाही.

ही विद्या काही आजची नाही. इटलीतील लुका पॅचिओली या गणितज्ञाने १४९४ मध्ये छापलेल्या पुस्तकात जमाखर्चाची दुहेरी पद्धत समजावून सांगितली. आपल्याकडेही मराठ्यांच्या राज्यात फडणीस हिशेबाचे दप्तर सांभाळत. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी लिपीतील तसे हजारो कागद आजही जपून ठेवले आहेत. आता संगणक क्षणात बेरीज करतो. पण त्यात खोटा आकडा घातला, तर तो खोटीच बेरीज करून देतो. आकडा खरा आहे का, हे माणसालाच विचारावे लागते.

मुलांनो, तुम्ही मोठे झाल्यावर शिक्षक व्हाल, शेतकरी व्हाल, डॉक्टर व्हाल किंवा दुकान चालवाल. शिक्षण संपल्यावर काम मिळायला कदाचित वेळ लागेल. तेव्हा खचू नका आणि रिकामेही बसू नका. समोर येईल ते लहान काम नीट करा. तेच तुमचा अनुभव होईल.

आणि एक काम आजच सुरू करा. एक लहान वही घ्या. घरून खाऊला मिळालेले पैसे 'जमा' म्हणून लिहा. पेन्सिल, चिंच, गोळ्या यांवर गेलेले 'खर्च' म्हणून लिहा. महिन्याच्या शेवटी शिल्लक काढा. ती डब्यातल्या पैशांशी जुळते का पाहा. जुळली नाही, तर आकडा ओढूनताणून जुळवू नका. 'जुळत नाही' असेच लिहा आणि कारण शोधा.



स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'ते तो वाका' म्हणजे काय?
(आ) ताईंचे बाबा सांगलीत काय काम करत?
(इ) गणपतीच्या हिशेबात किती शिल्लक राहिली?

प्रश्न २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ताईंना नोकरी मिळायला वेळ का लागला?
(आ) साहेबांनी दुकानदाराचे म्हणणे का मान्य केले नाही?
(इ) बँकेने बेकरीवाल्याला कर्ज का दिले?

प्रश्न ३. विचार करा व सांगा.
'पावती नाही' असे लिहिल्यामुळे ताईंना नोकरी मिळाली, असे तुम्हांला वाटते का? का?

उपक्रम : आठवडाभर आपल्या घरच्या भाजीचा जमाखर्च लिहा व तो वर्गात दाखवा.