दोरीच्या पुढच्या टोकाला

नाशिकच्या गोदाघाटावर बसून पाण्यावरच्या कसरती सांगायच्या म्हणजे जरा धाडसच आहे. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, धप्पा मारणारं आपलं गाव. पूर आला की घाटावरच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते पाहायला धावणारं. तरीही आज तुम्हाला थोडं लांबच्या पाण्यावर नेतो.

1922 चा जुलै. अमेरिकेतल्या मिनेसोटामधलं लेक पेपिन. राल्फ सॅम्युअल्सन हा अठरा वर्षांचा पोरगा तिथे रोज बुडत होता. पायाला आधी पिंपाच्या फळ्या बांधल्या, मग बर्फावरच्या स्की, दोन्ही फसल्या. शेवटी त्यानं आठ फुटी पाट आणले, आईच्या तांब्याच्या भांड्यात टोकं उकळून वर वाकवली, आणि 2 जुलैला बोटीमागे पाण्यावर उभा राहिला. बोट चालवत होता त्याचा भाऊ बेन. तीन वर्षांनी बोटीच्या जागी पाण्यावर उतरणारं विमान आलं. पहिल्या महायुद्धातल्या त्या कर्टिस फ्लाइंग बोटीमागे राल्फ ताशी 80 मैलांनी पळाला. वैमानिक होता वॉल्टर बुलक.

वॉटर स्कीचं पेटंट मात्र 1925 मध्ये फ्रेड वॉलर यानं घेतलं. पुढे बांधकामावर राल्फची पाठ मोडली, खेळ सुटला आणि तो टर्की पाळू लागला. पहिला मान त्याचाच, हे मान्य व्हायला 1966 साल उजाडलं. वॉलरही काही साधा गडी नव्हता. सिनेरामा या चित्रपटतंत्राचा भव्य पडदा त्याचाच, आणि 1952 मध्ये त्या पडद्यावर आलेल्या पहिल्याच चित्रपटात फ्लोरिडातल्या सायप्रस गार्डन्सचा वॉटर स्की शो होता.

ही बाग डिक पोप यांनी 1936 मध्ये उघडली. शो सुरू झाला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, तोही गमतीनं. वर्तमानपत्रातला स्कीइंगचा फोटो पाहून सैनिक विचारायला आले, शो किती वाजता? शो नव्हताच. पोप यांच्या पत्नी ज्युली यांनी मुलांचे मित्रमैत्रिणी गोळा करून तो उभा केला. तिथला मानवी मनोरा जगभर गाजला. आपण त्याला थर म्हणू. पण आपल्या गोविंदाच्या पायाखाली निदान रस्ता असतो! इथे पायाच पळता. खालच्या रांगेला उभं ठेवते ती दोरीची ओढ. बोट मंदावली की सगळे थर पाण्यात, आणि एकदम हिसका बसला तरी तेच. म्हणजे मनोऱ्याचा खरा पाया बोटीच्या सुकाणूवर बसलेला असतो. टाळ्या मात्र सगळ्यात वर चढलेल्या मुलीला.

अशा खेळांना नुसती करमणूक म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ऑस्ट्रेलियातल्या ग्राफ्टन गावात 1963 मध्ये जॅकरांडा उत्सवातल्या स्की शोसाठी जॉन डिकन्सन यांना पतंग करायला सांगितला. बोटीनं ओढायचा, खाली माणूस लटकणार. डिकन्सननी पंखाखाली त्रिकोणी चौकट लावली, माणसानं आपलं वजन इकडेतिकडे झुकवलं की पतंग वळे. आजचं हँग ग्लायडर त्यातूनच आलं. जत्रेतल्या खेळानं माणसाला उडायला शिकवलं.

आणि आपल्याकडे? ओझरला लढाऊ विमानं बनतात, पण पाण्यावर उतरणारं विमान पाहायला डिसेंबर 2017 मध्ये मुंबईकरांना गिरगाव चौपाटीवर गर्दी करावी लागली. मग लगेच कोणी म्हणेल, विमान नाही तर नाही, नांदूरमध्यमेश्वरला स्की शो तरी करू. नको. ते पाणी पक्ष्यांचं आहे. 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं ते. गंगापूर धरणाचं पाणी तर आपण पितो, तिथेही जपूनच. एवढं मात्र कराच. धरणावरच्या बोट क्लबला गेलात, तर उतरताना बोट चालवणाऱ्याचं नाव विचारून या.