स्वस्त तिकिटामागचा हिशेब



नायगावच्या स्प्रिंग मिलवर ज्यांची घरे चालली, अशी माणसे दादर-परळला आजही भेटतात. त्याच गिरणीच्या मालकांनी, म्हणजे बॉम्बे डाइंगच्या वाडिया समूहाने, नोव्हेंबर 2005मध्ये गोएअर ही स्वस्त विमानसेवा सुरू केली. तिचे मुख्यालय बराच काळ वरळीला, पांडुरंग बुधकर मार्गावर होते. 2 मे 2023 रोजी या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दुसऱ्या दिवसापासून तिची विमाने उडाली नाहीत. जानेवारी 2025मध्ये कंपनी लवादाने ती मोडीत काढण्याचा आदेश दिला.

असे का झाले, हे गिरणगावाला चटकन कळेल. साचा बंद पडला तरी कर्जाचे व्याज थांबत नाही, विमानाचेही तसेच. स्वस्त सेवेत एका तिकिटामागे सुटते थोडे, म्हणून फेऱ्या वाढवायच्या. विमान उतरले की साफसफाई, इंधन, नवे प्रवासी, आणि अर्ध्या तासात पुन्हा धावपट्टीकडे. सगळी विमाने एकाच जातीची, म्हणजे सुटे भाग आणि वैमानिकांचे प्रशिक्षणही एकच. पण विमाने बहुतेक भाड्याची, आणि भाडे डॉलरमध्ये. विमान उडो न उडो, ते द्यावेच लागते.

गोएअरने पहिली दहा वर्षे हात राखून वाढ केली. मात्र 2011 आणि 2016 मिळून 144 एअरबस निओ विमानांची मागणी नोंदवली. 2021मध्ये गो फर्स्ट हे नाव घेतले, 3,600 कोटींचे शेअर विकायचे ठरवले. ते शेअर बाजारात आलेच नाहीत. या निओंना इंजिन एकाच कंपनीचे, प्रॅट अँड व्हिटनीचे. इंजिने दुरुस्तीला गेली, बदली इंजिने वेळेवर मिळेनात, आणि अर्ज केला तेव्हा जवळपास निम्मी विमाने जमिनीवर होती. प्रॅटने दोष नाकारला. इंडिगो या दुसऱ्या स्वस्त विमानसेवेलाही हीच इंजिने नडली. पण तिचा ताफा कितीतरी मोठा, शिवाय 2019मध्येच तिने 280 विमानांसाठी सीएफएम या दुसऱ्या कंपनीची इंजिने मागवली होती. 2023-24मध्ये इंडिगोला 8,172 कोटींचा नफा झाला.

इंजिने बिघडली हे खरेच. तरीही सगळा भार एकाच पुरवठादारावर टाकून कर्जावर वाढायचे, हा निर्णय मालकांचा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची किंमत मात्र पगार थकलेल्या कर्मचाऱ्यांनी मोजली. बँकांचे सुमारे 6,500 कोटी अडकले. त्यांत सेंट्रल बँक आणि बँक ऑफ बडोदा आहेत, म्हणजे तुमच्या-आमच्या ठेवींच्या बँका. आणि मे महिन्याच्या सुट्टीसाठी आधीच पैसे भरून बसलेले प्रवासी? दिवाळखोरीच्या कायद्यात त्यांचा नंबर बँकांच्या मागे लागतो.

प्रवाशाने आगाऊ भरलेला पैसा विमान उडेपर्यंत वेगळ्या खात्यात राहावा, कंपनीला तो खर्चता येऊ नये, असा नियम सरकारने करावा. प्रवासी आणि ग्राहक संघटनांनी ही मागणी लावून धरावी, एवढीच माझी विनंती आहे.