कुत्रं बसण्याआधी गोल का फिरतं?

आजचा विषय ऐकून काही जणी पदराआड हसतील. खुशाल हसा. आज आम्ही बोलणार आहोत कुत्र्याच्या शी-शूबद्दल. दारात कुत्रं असलं की त्याची घाण उचलायचं काम बहुतेक बाईच्याच वाट्याला येतं, मग बोलायला लाज कसली?

आधी गमतीचं. कुत्रं मुततं ते नुसतं मोकळं व्हायला नाही. ती त्याची चिठ्ठी असते. खांब हुंगला की आधी कोण येऊन गेलं, नर की मादी, हे त्याला कळतं. पाय वर करून मुतलं की वास दुसऱ्याच्या नाकाच्या उंचीला राहतो. बसून झाल्यावर मागच्या पायांनी माती उडवतं, तेव्हा आपण म्हणतो, झाकतंय. झाकते ती मांजर. कुत्र्याच्या पंजात वासाच्या ग्रंथी असतात. माती उकरून ते आपला वास आणखी पसरवतं.

आणि त्या गिरक्या? जागा हुंगणं, गवत तुडवणं, आजूबाजूला कोणी नाही ना हे बघणं, असं त्यात बरंच असावं. जर्मनी आणि चेक देशातल्या संशोधकांनी 70 कुत्र्यांवर दोन वर्षं नजर ठेवली. पृथ्वीचं चुंबकत्व शांत असलं, तर कुत्री उत्तर-दक्षिण रेषेत बसणं पसंत करतात, असं त्यांनी 2013 साली छापलं. म्हणून मोत्याला होकायंत्र समजू नका. दगड घेतलेलं पोर दिसलं की तो कुठंही तोंड करून उरकतो.

आता कामाचं. कुत्रं ढुंगण जमिनीला घासत सरकतं तेव्हा पोरं टाळ्या पिटतात. पण ती खाज असते. गुदाजवळच्या ग्रंथी भरलेल्या असतात, नाहीतर जंत असतात. शेपटीखाली तांदळाच्या कणीसारखं काही चिकटलेलं दिसलं, तर तो पट्टकृमीचा तुकडा. पिसवा गिळल्यानं तो होतो.

याहून वाईट जंत डोळ्यांना दिसतच नाही. बोकड कापला की पाण्याच्या गाठी असलेलं काळीज, फोपसं आपण कुत्र्यापुढं टाकतो. त्या गाठींतून कुत्र्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी वाढतात. कुत्रं ठणठणीत दिसतं, पण त्याच्या शीतून अंडी पडतात, केसांना चिकटतात. तिथून ती आपल्या हाताला, भाजीला लागतात आणि पोटात जातात. मग माणसाच्या काळजात नाहीतर फुप्फुसात पाण्याची गाठ वर्षानुवर्षं हळूहळू वाढते. कधी ऑपरेशनच करावं लागतं.

शेळीगटातल्या बायांनी हे जत्रेआधी घरात बोलून ठेवावं. बोकड पुरुष कापतात, सांगावं त्यांनाच लागतं. गाठीचं काळीज-फोपसं खोल पुरा. कुत्र्याला द्यायचंच तर अर्धा तास चांगलं उकळून द्या. शेणखताच्या खड्ड्यात, परसबागेत कुत्र्याची घाण टाकू नका. फावड्यानं उचलून लांब पुरा. काही जंतांच्या अळ्या ओल्या मातीतून अनवाणी पायात शिरतात, म्हणून पोरांच्या पायांत चप्पल हवी. कुत्र्याला हात लावला की जेवणाआधी साबणानं हात धुवा.

जंताची गोळी कुत्र्याच्या वजनावर ठरते. पशुवैद्यकीय दवाखान्यात जाताना अंदाजे वजन सांगा आणि पट्टकृमीवर चालणारी गोळी हवी, असं नाव घेऊन मागा. किती महिन्यांनी परत द्यायची, तेही तिथंच विचारून घ्या.